रुईच्या पानाचा रंग

रणपिसे बाईंपुढे कुणी नुसतं 'हिरवा' म्हटलेलं चालत नसे. "कंचा हिरवा?" त्या लगेच विचारत. "मेथीचा का शेपूचा? का पावट्याच्या शेंगेचा?" समोरचा माणूस गोंधळला की हातातलं काम खाली ठेवून त्या त्याच्याकडे बघत राहत. एखाद्यानं पत्ता सांगताना गावाचं नाव सांगावं आणि घर सांगूच नये, तसं त्यांना वाटत असावं.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण हात धजावत नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मला माहीत आहेत त्या आमच्या कचेरीच्या दप्तरखान्यातल्या बाई, आणि आपल्या घराच्या भिंतींसाठी त्यांनी मनात धरून ठेवलेला एक रंग.

नव्वदच्या सुमारास मी दौंडला रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. घर शिरूरला, त्यामुळे आठवडाभर दौंडमध्ये एका खोलीत राहायचं आणि शनिवारी न्हावऱ्यावरून एसटीनं घरी जायचं, असा क्रम होता. बाई माझ्याआधी पंधरा-सोळा वर्षं तिथं होत्या. त्यांचे यजमान लोको शेडमध्ये फिटर होते. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले आणि त्यांच्या जागी बाईंना घेतलं. आधी पाणी भरायच्या कामावर, मग खात्याची परीक्षा देऊन दप्तरखान्यात. शिक्षण सातवीपर्यंत, तेही भीमेच्या काठावरच्या वडगाव रासाईत. ठेंगणी मूर्ती, सुती पातळ, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून बसतो हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं आणि मला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. मी मास्तर नाही, असं मी दोनदा सांगितलं. "नसाल. पन दिसताय तर तसंच," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

फायलींवर नंबर असत, पण दप्तरखान्याला वाळवीचा शाप होता. पाठीवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या गेल्या की ती फाईल आमच्या लेखी हरवल्यात जमा. बाईंच्या लेखी नसे. एकदा नव्यानं आलेल्या साहेबांना कुठल्याशा जुन्या जमिनीची फाईल तातडीनं हवी होती. साहेब बिहारकडचे. तीन कारकून शिड्या लावून दोन तास धूळ खात होते. बाई जेवणाचा डबा धुऊन आल्या आणि विचारलं, "कुनाची? त्या कालव्याकडंच्या जमिनीची? आवो, ती वांग्याच्या देठाच्या रंगाची. जिन्याखाली, डावीकडच्या रॅकला, खालनं दुसरी."

"क्या बोल रही हैं?" साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क अवघडून म्हणाले, "सर, बैंगन का जो डंठल होता है ना, उस कलर की."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फाईल खरोखर तिथंच निघाली, आणि पुठ्ठा खरोखर वांग्याच्या देठासारखा होता, हिरव्यातून जांभळ्याकडे झुकणारा. त्या दिवसापासून साहेब स्वतः दप्तरखान्यात येऊन बाईंपुढे एकेक पुठ्ठा धरत आणि "ये कौन सा है?" विचारत. बाई सांगत. भिजलेली तूर, पिकलेलं उंबर, गव्हाचा कोंडा. साहेबांना निम्मं कळत नसे, पण ते मान डोलवत.

बाई रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत. बाहेरून पिवळी, आतून चुन्याची पांढरी, आणि खालून कमरेपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट. दर काही वर्षांनी खात्याचे रंगारी येत, बाई सामान अंगणात काढून ठेवत, ते पिवळ्यावर पिवळा आणि चॉकलेटीवर चॉकलेटी मारून जात. एकदा बाईंनी त्यांच्या मुकादमाला धीर करून विचारलं होतं, "भाऊ, सैपाकाच्या खोलीला एवढा दुसरा देता का?" मुकादम चांगला माणूस होता. तो हसून म्हणाला, "बाई, घर सरकारचं, रंग सरकारचा. तुमचं आपलं सामान." ही गोष्ट बाई नेहमी हसत सांगत. एकदाच, चहा पिता पिता, हसणं संपल्यावर त्या पुढं बोलल्या होत्या. "म्हायेरी मातीचा व्हता, मातीचा तो मातीचाच. सासरी सासऱ्यांनी चुना फासला. हितं सरकार. मास्तर, म्या कवा भित निवडलीच न्हाई बगा."

मी तेव्हा विचारलं होतं की निवडायची झाली तर कुठला रंग निवडाल. मला वाटलं, विचार करतील. त्यांनी क्षणही घेतला नाही.

"रुईच्या पानाचा."

आमच्या बाजूला रुई कुठंही उगवते. बांधाला, रुळांच्या कडेला, उकिरड्यावर. शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते तेवढाच तिचा मान. काटा रुतला तर बाईंची आई त्यावर रुईचा चीक लावी आणि गुडघे दुखले की पान गरम करून बांधी. पण बाईंच्या मनात ती वेगळ्याच कारणानं बसली होती. "चैत-वैशाखात नदीकडं जायाचो आम्ही पोरी, धुनं घिऊन. समदं करपल्यालं. ही एकटी हिरवी उभी. आन् हिरवी तरी कशी? जरा राखाडी, जरा पांढरट. हिरवी हाय, पन मिरवत न्हाई. त्या रंगाकडं बघितलं का डोळं निवायचं." एवढं सांगून त्यांनी चहाचा कप विसळायला नेला.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली तेव्हा बाईंनी गावाबाहेर कालव्यापलीकडच्या वस्तीत घर बांधायला काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ओटा. निवृत्तीबरोबर मे अखेर क्वार्टर सोडायची होती. त्याआधी बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊन घरात जायचं, असं ठरलं. प्लास्टर झालं, सुकलं, आणि रंगाची वेळ आली तसे सगळे बोलू लागले.

पहिले बोलले त्यांचे धाकटे दीर, नाना. नानांचा शब्द आळीत चाले. "वहिनी, आपल्या आळीत निळा असतो. आन् तुम्ही हिरवा म्हनताय? लोक काय काय अर्थ काढत्याल."

बाई भाकरी थापत होत्या. "नाना, बाबासाहेबांचा फोटो कुठं लावायचा? बाह्यरच्या खोलीत, समोर. बरं, कोट कंच्या रंगाचा हाय बाबांचा?"

"निळा."

"मंग कोट उठून दिसाया पायजे का न्हाई? भितबी निळी, कोटबी निळा. नुसतं तोंड दिसंल लांबून."

नानांनी पाट ओढून घेतला. मग म्हणाले, "तुमच्याशी बोलन्यात काय राम न्हाई," आणि भाकरी मागून घेतली.

मुलगा प्रकाश रांजणगावला कंपनीत होता, शिरूरला संसार थाटलेला. तो रविवारी शेडकार्ड घेऊन आला. "आई, पुण्याला आता मशीन आलंय. नंबर सांगायचा, डबा बाहेर. जरासुद्धा फरक पडत नाही." त्या कार्डावर नखाएवढे चौकोन होते आणि खाली इंग्रजी नावं. सोमवारी बाईंनी ते कचेरीत आणून मला वाचायला लावलं. एका चौकोनाशी त्यांचं बोट थांबलं. फिकट, राखेची झाक असलेला हिरवा. रंग बराच जवळचा होता. नाव होतं 'लाइट सेज'. मी खोलीवर जाऊन शब्दकोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ही विलायतेकडची एक झुडपासारखी वनस्पती आहे, तिकडे स्वयंपाकात घालतात, पानं अशीच फिकट असतात.

"आपल्याकडं हाय ती?"

"मी तरी पाहिली नाही."

"मी बी न्हाई. न बघितल्याल्या झाडाचा रंग भितीला लावून मी काय करू मास्तर? सकाळी उठून वळख तर पटाया पायजे." आणि शेडकार्ड त्यांनी घडी करून पिशवीत टाकलं, प्रकाशला परत द्यायला.

मग दत्तू रंगाऱ्याला बोलावलं. दौंडमध्ये त्याच्या हाताचं नाव होतं. डिस्टेंपरमध्ये स्टेनरचे, म्हणजे बाटलीतल्या घट्ट रंगाचे, थेंब टाकून तो कुठलाही रंग डोळ्यांनी जुळवी. पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना बाईंनी कालव्याच्या कडेचं एक पान तोडून त्याच्या हातात दिलं. "असाच पायजे दत्तूभाऊ. जराबी इकडं तिकडं न्हाई." आणि आम्ही कचेरीत गेलो. दिवसभर बाईंचं कामात लक्ष नव्हतं. चारला त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, चलता का? एकटीनं बघू वाटंना."

आम्ही पोचलो तेव्हा दत्तू ओट्यावर हात धूत होता. अंगभर शिंतोडे, चेहऱ्यावर समाधान. "मावशी, आधी डोळं मिटा," तो म्हणाला. "हां, आता उघडा. जिवंत पोपट आनून बसवला भितीवर, तर सापडायचा न्हाई!"

खरंच सापडला नसता. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती लखलखत्या पोपटी झाल्या होत्या. चौथीचं काम निम्म्यावर होतं. बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"पान कुठंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

दत्तूनं खिशातून पान काढलं. ते गडद हिरवं होतं आणि चमकत होतं.

"ह्याच्यावरचं पांढरं?"

"धूळ व्हय? पुसली की. लई बसली व्हती मावशी. साबनाच्या पान्यानं चांगलं धुतलं, फडक्यानं घासलं, मंग दुकानात नेलं. घान पान दावून रंग कसा जुळवायचा?"

मला वाटलं, बाई हसतील. एरवी हसल्या असत्या. त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि भिंतींकडे बघत राहिल्या. एवढ्यात प्रकाश आला. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. "आई, वाईट नाही दिसत. पाच दिवसांवर कार्यक्रम आलाय, पाहुण्यांना सांगून झालंय. आता राहू दे. पुढच्या वर्षी बदलू."

"पुढच्या वर्साला मी बदलायची न्हाई," बाई म्हणाल्या. "मला ठाव हाय माझं. एकदा ह्या भितीत ऱ्हायाला आले का डोळ्याला सवय हुईल. मंग मीच म्हनीन, ऱ्हाऊ दे, काय वाईट हाय. सवयीनंच तर समदी वर्सं गेली प्रकाश." मग दत्तूकडे वळून म्हणाल्या, "दत्तूभाऊ, हात साफ हाय तुमचा. एक डाग न्हाई कुठं. पन ह्यो माझा न्हाई."

दत्तू दुखावला. "मावशी, पान तुम्हीच दिलं व्हतं."

"व्हय. माझंच चुकलं. पान देऊन भागत न्हाई. उद्याच्याला मी रजा टाकते. रंगाचं समदं घिऊन कालव्यावर या."

दुसऱ्या दिवशी मीही रजा टाकली. का, ते मला सांगता आलं नसतं. सकाळी आठला कालव्याच्या कडेला पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा, स्टेनरच्या बाटल्या, गेरूची पुडी आणि बांधकामातल्या उरलेल्या विटा घेऊन आम्ही तिघं रुईच्या झुडपाशी बसलो. दत्तू अजून घुश्शातच होता. बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि झाडावरच्या पानावरून एक बोट ओढलं. बोट गेलं तिथं गडद रेघ उमटली, आणि बोटाच्या टोकाला पिठासारखं काही लागलं.

"ह्ये बगा. धूळ न्हाई ही. तिचंच हाय, आंगातनं आल्यालं. उन्हात आंग झाकून घेती ती. ते पुसलं का ऱ्हायली कोनतीबी भाजी."

दत्तूनं स्वतः एक बोट ओढून पाहिलं. मग दुसरं पान. मग तो उकिडवा बसला आणि डबा उघडला. त्यानंतर त्याचा राग कुठं गेला कळलं नाही.

"जरा काळा टाकू मावशी, हिरवा बसंल खाली."

"काळ्यानं मरंल. गेरू टाका, चिमूट."

"हिरव्यात गेरू?"

"टाका तर."

मिश्रण विटेवर फासायचं, वीट उन्हात ठेवायची, सुकली की पानाशेजारी धरायची. ओल्या रंगाचं काही खरं नसतं, सुकल्यावर तो फिका पडतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पहिली वीट निळसर झाली. दुसरी मेहंदीसारखी. रस्त्यानं जाणारे थांबू लागले. एक दूधवाला सायकल टेकवून म्हणाला, "काय वो, झाडाला रंग देताय का?"

"झाडाचा काढतोय," दत्तू मान वर न करता म्हणाला.

शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी बराच वेळ उभी राहिली. "आगं बया, रुईचा? रुई पडक्या घरात उगवती. नव्या घरात कोन आनतं तिला?"

"पडक्या घरात बी उभी ऱ्हाती ना मावशे?" बाई म्हणाल्या. "म्हनूनच आनते." म्हातारीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती शेळ्या सोडून बसली आणि पाचवी वीट जास्त पिवळी आहे असं तिनंच सांगितलं. ते खरं निघालं.

सातवी वीट सुकली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाईंनी ती उचलून झुडपात, पानांच्या मधोमध ठेवली. दहा पावलं मागं आल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मास्तर, वीट कुठंय?"

मी दाखवली. पण खरं सांगायचं तर मला ती शोधावी लागली.

"बास," बाई म्हणाल्या.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली गेली. फुलांच्या माळेतला तो निळा कोट त्या भिंतीवर असा उठून दिसत होता की नानांनी दोनदा जवळ जाऊन बघितलं. तळेगाव ढमढेऱ्याहून आलेल्या बाईंच्या थोरल्या नणंदेनं जेवताना विचारलं, "घर झ्याक झालंय गं. रंग कवा देनार?" सगळे हसले. बाईंना मात्र तो शेरा फार आवडला. पुढं कितीतरी दिवस त्या तो ज्याला त्याला सांगत.

निवृत्तीनंतर त्या तिथं सहा वर्षं राहिल्या. मी शनिवारी एसटी पकडायच्या आधी डोकावत असे. बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असत. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की म्हणत, "आत येऊन बगा, आता कसा दिसतोय." सकाळी तो थोडा निळा दिसे, दुपारी राखेसारखा, आणि उन्हं उतरताना अगदी मऊ होई. दत्तूनं मात्र त्या मिश्रणाचं प्रमाण लक्षात ठेवलं होतं. दोन वर्षांत त्या वस्तीत आणखी तीन घरं त्याच रंगाची झाली. बाईंना त्याचा अभिमान वाटेल असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या. "आपला आपन हुडकावा की मानसानं. माझा कशाला?"

मग त्या मोरीत पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. एकटीनं राहणं संपलं. प्रकाशनं त्यांना शिरूरला नेलं. तोवर माझीही नोकरी संपत आली होती, मी शिरूरलाच जास्त असे. त्यांच्याकडे जाई तेव्हा त्या प्रकाशच्या फ्लॅटमध्ये पलंगावर, भिंतीला पाठ लावून बसलेल्या असत. दौंडच्या घराविषयी बोलत नसत. मीही विचारत नसे.

एका रविवारी प्रकाशचा निरोप आला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, किल्ली द्यायला आई स्वतः येणार म्हणते, तुम्हीही चला. जीप केली. न्हावऱ्यापर्यंत बाई झोपल्या, मग जाग्या राहून बाहेर बघत होत्या.

भाडेकरू नवं जोडपं होतं. मुलगा स्टेशनवर नोकरीला, मुलगी पाबळकडची, नाव सारिका, लग्नाला वर्षही झालेलं नसावं. चहा झाला, प्रकाशनं नळ, मीटर, गच्चीची चावी दाखवली. सारिका मघापासून काही बोलू बघत होती. शेवटी नवऱ्याकडे एकदा पाहून म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर एक विचारू? सैपाकघराला गुलाबी दिला तर चालेल का? खर्च आमचा आम्ही करू."

प्रकाश लगेच म्हणाला, "नाही हो, ते सोडून बोला. तो आईचा रंग आहे. त्यासाठी तिनं काय काय केलंय तुम्हाला माहीत नाही."

सारिकाचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नव्हतं," ती पुटपुटली. बाईंनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग वॉकरवर हात टेकून उठल्या. प्रकाश धरायला पुढं झाला, त्याला त्यांनी मानेनंच थांबवलं.

"चल गं, दाव मला. कंच्या भितीपास्नं धरायचा म्हनतीस?"

दोघी आत गेल्या. प्रकाश माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मग सामानाची पिशवी घेऊन जीपकडे गेला. मला आतलं बोलणं ऐकू येत होतं. ह्या खिडकीतून चारनंतर ऊन येतं, तवा गुलाबी जरा फिका धर, न्हाईतर डोळ्यावर येईल. चुलीमागं ऑइलपेंट दे, धुता येतो. "आन् आधी ह्यो घासून काढायचा. वरच्या वर मारू नगंस. माझा खालनं दिसत ऱ्हाईल तुज्यात."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. मी बाईंना बोलवायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. सारिका ओट्याला धरून उभी होती. बाईंनी एका हातानं वॉकर पकडला होता, दुसऱ्या हातात त्या मुलीचं नवं उलथनं होतं. भिंतीला कान लावल्यासारख्या वाकून त्या कड धरून खरवडत होत्या. फिकट हिरवा भुगा त्यांच्या पदरावर, मनगटावर, पावलांवर पडत होता.

"असं. तिरकं धरायचं," त्या म्हणत होत्या. "जोर लावू नगंस. निघतो."